चिठ्ठीत साधा गट निघाला तर?

(बेळगावच्या वडगावातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४१. घरात दोन यंत्रमाग, त्या स्वतः कांड्या भरतात. आईला मधुमेह होता, शेवटी पायाचं बोट काढावं लागलं. यांना दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी साखर वाढली होती, ती नंतर ‘गेली’. यंदा गणपतीत मंडळानं घेतलेल्या आरोग्य शिबिरात पुन्हा जास्त दिसली म्हणून लॅबमध्ये तपासली: उपाशीपोटी ११२, साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.१. शिबिरातल्या मुलीनं सांगितलं, मधुमेह होण्याआधीच थांबवण्यावर एक अभ्यास चालू आहे, त्यात नाव द्या. तीन वर्षं चालेल, औषध नाही. चिठ्ठी टाकून दोन गट करणार. एका गटाला आहार-व्यायामाचं नियमित मार्गदर्शन आणि फोनवर पाठपुरावा, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला आणि एक पत्रक. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत आहे. नवरा म्हणतो, “आपण काय उंदीर आहोत काय?” सासूबाई म्हणतात, रक्त काढून विकतात. ताईंचा प्रश्न: नाव द्यावं का? आणि चिठ्ठीत साधा गट निघाला तर तीन वर्षं फुकटच गेली ना?)

ताई,

चार पानी पत्र लिहिलंत. त्यातली साडेतीन पानं घरातलं कोण काय म्हणालं आणि शेजारची काय म्हणाली यातच गेली. तुमचं स्वतःचं म्हणणं शेवटच्या दोन ओळींत, तेही प्रश्न म्हणून. तर आधी त्या दोन ओळींचंच बघू.

“साधा गट निघाला तर तीन वर्षं फुकट.” हे लिहिताना तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची एक गाठ मारलीत. तुमच्या साखरेचं काय करायचं हा एक प्रश्न. त्या अभ्यासात नाव द्यायचं की नाही हा दुसरा. पहिल्याला चिठ्ठी लागत नाही, फॉर्म लागत नाही, कुणाच्या परवानगीची गरज नाही. त्याचं उत्तर उद्या सकाळपासून देता येतं. दुसऱ्याला वेळ घ्या, महिनाभर विचार करा, काही बिघडत नाही.

पहिल्याचं आधी बोलू, कारण तुमचा जीव त्यातच अडकलाय.

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ च्या मध्ये किंवा तीन महिन्यांची सरासरी ५.७ ते ६.४ च्या मध्ये असली, तर डॉक्टर त्याला मधुमेहाच्या आधीची पायरी म्हणतात. तुम्ही त्या पायरीवर आहात. घरात अजून आलेला नाही, पण दारात उभा आहे. बाळंतपणातली साखर ‘गेली’ असं तुम्ही लिहिलंत. तेव्हापुरती ती उतरते हे खरं. पण गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढं मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या कित्येक पटींनी जास्त असते, म्हणून बाळंतपणानंतरही ती अधूनमधून तपासत राहायची असते. हे तेव्हा तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही असं दिसतं. तुमच्यासारख्या कितीतरी जणींना सांगितलं जात नाही. बाळ हातात आलं की सगळे बाळाकडे बघतात.

दुसरं, तुम्ही लिहिलंत, “मी काही जाड नाही, मला कशी होईल?” इथं आपली फसगत होते. मधुमेह थांबवण्याचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २००२ साली छापून आला. ३,२३४ माणसं होती त्यात, आणि ती बहुतेक चांगलीच वजनदार. चालणं, खाणं सुधारणं आणि वजन उतरवणं यानं तिथं मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मग प्रश्न आला, आपल्याकडच्या बारीक माणसांचं काय? चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं ५३१ जणांवर तोच प्रश्न तपासला, निकाल २००६ साली आला. ती माणसं अमेरिकेतल्यांपेक्षा खूपच सडसडीत होती. तरी नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर ठेवलेल्यांपैकी तीन वर्षांत १०० मागे ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्यामागे लागून रोज अर्धा तास भरभर चालायला लावलं, साखर-मैदा-तेल कमी करायला लावलं, त्यांच्यात ३९ जणांना. आणि त्यांची वजनं फारशी उतरली नव्हती, तरी फरक पडला! बारीक बाईनं हा आकडा लक्षात ठेवावा.

१०० मागे १६ माणसं वाचली. चमत्कार म्हणावा एवढं हे मोठं नाही. पण त्या सोळांतलं एक बोट तुमच्या आईचं असतं तर?

तेव्हा चालायला लागा. व्हॅक्सीन डेपो तुमच्यापासून फार लांब नाही. सकाळी निम्मं टिळकवाडी तिथं फिरत असतं. (एके काळी तिथं देवीची लस तयार व्हायची. रोग यायच्या आधीच अडवायचा, हे काम बेळगावला नवं नाही.) लांब वाटलं तर गल्लीतच चाला, मैत्रीण घ्या सोबत. माग चालू असताना दिवसाला किती चहा होतात ते एकदा मोजा. तुम्ही पत्रात ‘सहा-सात’ लिहिलेत, आणि आपल्याकडच्या चहात साखर कशी पडते ते मला ठाऊक आहे. चहा सोडू नका, साखर अर्धी करा. तिन्ही वेळचा भात एका वेळेवर आणा, बाकी जोंधळ्याची भाकरी आणि भाजी. कुंदा सणाला, तोही एक चमचा. मी सांगते म्हणून सोपं नाही ते, मलाही जमत नाही दरवेळी.

आता अभ्यासाकडे येऊ.

साधा गट कशाला हवा, सगळ्यांनाच मार्गदर्शन द्या की, असं तुम्हाला वाटतं. तुमचं माहेर खानापूरकडचं ना? मग भाताच्या शेतावरून सांगते. नव्या वाणाचं बियाणं चांगलं की जुनं, हे बघायचं तर शेतकरी काय करतो? नवं बियाणं गाळाच्या मळईत आणि जुनं मुरमाड तुकड्यात पेरलं, तर नवं जिंकणारच. त्याच शेताचे दोन तुकडे करून शेजारी-शेजारी पेरलं तर खरं कळतं. माणसांचंही तसंच. ज्यांना हौस आहे त्यांनी चालायचा गट घ्या, बाकीच्यांनी साधा, असं केलं तर हौशी माणसं आधीच निम्मी सुधारलेली असतात. म्हणून चिठ्ठी. भिशीत जशी चिठ्ठी निघते आणि कुणाला बोलायला जागा राहत नाही, तशी. इथं डॉक्टरलाही ठरवता येत नाही की ही बाई माझ्या ओळखीची, हिला चांगल्या गटात घाला.

“चेन्नईत कळलंय तर आता पुन्हा कशाला?” असं आता तुमचे मिस्टर विचारतील. प्रश्न चांगला आहे, तो त्यांनी त्या लोकांना जरूर विचारावा. माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. चालल्यानं फायदा होतो एवढं कळलंय. माणसाला तीन वर्षं चालतं कसं ठेवायचं, ते अजून कुणाला पुरतं उमगलेलं नाही. नोकरदार पुरुषांना मोबाइलवर नुसते संदेश पाठवून बघितले, त्याचा उपयोग झाला. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १,००७ जणांमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट करून बघितलं. दोन वर्षांनी मधुमेहाचं प्रमाण थोडं कमी दिसलं, पण ठामपणे सांगावा एवढा फरक नव्हता. तसंच छापलं त्यांनी, लपवलं नाही. जे दक्षिणेकडच्या मोठ्या शहरात चाललं ते मागाच्या खडखडाटात दहा तास बसणाऱ्या बाईला चालेल का, हे तुमच्यासारख्या बायका आल्याशिवाय कळणार कसं?

साध्या गटात पडलात तर चालायचं नाही का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. चाला की! कुणी अडवणार नाही, अडवण्याचा हक्कही नाही. भेटीत विचारतील तेव्हा खरं सांगायचं, एवढंच. आणि साध्या गटातही ठरलेल्या वेळी साखर तपासली जाते. आज तुमच्या घरात कुणाची साखर नियमानं तपासली जाते? तेवढं तरी पदरात पडतं. मार्गदर्शन करणारी मुलगी नाही मिळाली तर वाईट वाटेल, ते मी नाकारत नाही. पण नाव देण्याआधी स्वतःला विचारा: साधा गट आला तरी मी तीन वर्षं ठरल्या दिवशी जाईन का? उत्तर ‘नाही’ असेल तर आत्ताच नको म्हणा. मध्येच सोडून गेलेलं माणूस अभ्यासाला फार जड जातं. मागावर मधला धागा तुटला की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू.

आता उंदराचं. तुमच्या मिस्टरांना हसू नका. त्यांच्या भीतीला इतिहास आहे. अमेरिकेत टस्कीगी इथं १९३२ पासून १९७२ पर्यंत शेकडो गरीब काळ्या माणसांचा गरमीचा आजार मुद्दाम औषध न देता नुसता बघत ठेवला, औषध निघाल्यावरसुद्धा. आपल्याकडे २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देताना कित्येक फॉर्मवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचं पुढं चौकशीत आलं. लस चांगली की वाईट हा तिथं मुद्दाच नव्हता, विचारलं कुणाला हा होता. आजचे नियम अशाच गोष्टींतून आलेत. म्हणून संशय घ्या, पण संशय घेऊन घरात बसू नका, तो घेऊन त्यांच्या टेबलावर जा.

आणि मिस्टरांना आपल्याच जिल्ह्यातली ही गोष्टही सांगा. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींनी एका अभ्यासात भाग घेतला. बाळंतपणानंतर होणारा जास्त रक्तस्राव एका साध्या गोळीनं टळतो का, हे बघायचं होतं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ, म्हणजे आत औषध नसलेली. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टर त्यात होते, आणि गोळी द्यायच्या त्या उपकेंद्रातल्या नर्सबाई. पोकळ गोळीच्या गटात १०० मागे १२ जणींना जास्त रक्तस्राव झाला, खऱ्या गोळीच्या गटात साधारण सहा जणींना. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ती गोळी या कामासाठी आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आज कुठल्या तरी दूरच्या देशात दवाखान्यापासून कोसावर बाळंत होणारी बाई त्या गोळीनं वाचत असेल, तर त्यात आपल्या खेड्यांतल्या पोकळ गोळी मिळालेल्या बायकांचाही हात आहे. त्यांना कुणी उंदीर म्हटलेलं मला चालणार नाही.

फॉर्मचं बघू. कागद कुठल्या भाषेत हा प्रश्न आपल्या सीमाभागात निघाला की लोक लगेच झेंडे काढतात. ते सगळं बाजूला ठेवा, हा वेगळाच हक्क आहे. संमतीपत्र भाग घेणाऱ्याला समजणाऱ्या भाषेत असलंच पाहिजे, हा देशभरचा नियम आहे. तुम्ही बाजारात फाडफाड कन्नड बोलत असाल, मीही बोलते. पण भाजीचा भाव करणं वेगळं आणि सात पानी संमतीपत्र वाचणं वेगळं. सरळ सांगा, मराठी फॉर्म द्या. “वाचून दाखवते, सही करा” याला हो म्हणू नका. मराठी प्रत नसेल तर ती मंजूर करून आणणं हे त्यांचं काम. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी तटस्थ साक्षीदार बसवून सगळं समजावून सांगावं लागतं, ही सवलत नव्हे. फॉर्म घरी आणा, दोन दिवस ठेवा, कॉलेजात जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. सही तुमची लागते, नवऱ्याची नाही. त्यांना सोबत जरूर न्या, पण सही तुमची.

वाचताना काही गोष्टी शोधा. नीतीसमितीची (अभ्यासात माणसांवर अन्याय-अपाय होत नाही ना, हे बघणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का आणि त्या समितीचा फोन नंबर फॉर्मवर आहे का. भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतला नोंदणी क्रमांक आहे का. तो कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता येतो, लेक पाच मिनिटांत काढून देईल. मध्येच सोडलं तर दवाखान्यातल्या उपचारावर परिणाम होणार नाही, हे लिहिलंय का. तुमचे रिपोर्ट तुम्हाला देणार का. तीन वर्षांत साखर मधुमेहाच्या हद्दीत गेलीच, तर पुढं कोण बघणार. राहिलेलं रक्त साठवणार का, आणि पुढं दुसऱ्याच कुठल्या तपासणीला वापरणार का. याला वेगळी संमती लागते, आणि हे नको, बाकी चालेल असंही विचारता येतं. येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी. तुमच्याकडून एक रुपयाही मागितला तर उठून या. औषधाचा अभ्यास असेल (हे इतर वाचकांसाठी) तर अपाय झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार, ते वाचल्याशिवाय सही नको.

आणि तुमच्या बाजूनं एक. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, वैद्यांचा काढा, जे काय घेता ते सांगा. रागावतील म्हणून लपवलंत तर तुमच्या साखरेचं श्रेय भलत्यालाच जाईल.

रक्ताबद्दल सासूबाईंना सांगा: रक्तदानात ३५० मिली घेतात. अशा तपासणीत दोन-तीन छोट्या नळ्या, म्हणजे चहाचे दोन-तीन चमचे. तेवढ्याला कोण गिऱ्हाईक मिळणार?

खरा त्रास सुईचा नाही, ग्लुकोजच्या पाण्याचा आहे. माझी ती तपासणी झालीय. रात्रीपासून उपाशी, सकाळी आधी एकदा रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज घातलेलं ग्लासभर पाणी पाच मिनिटांत संपवायचं. पहिले दोन घोट बरे लागतात. तिसऱ्यापासून जीभ जड होते, ओठ एकमेकांना चिकटतात, पोटात ढवळतं. मग दोन तास स्टीलच्या बाकावर, खायचं नाही, हिंडायचं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी पिशवीतून चिरमुऱ्यांचा पुडा काढला तर नर्सनं तो हातातून घेऊन कपाटात ठेवला. दोन तासांनी रक्त झाल्यावर परत दिला, मोजून! त्या दिवशी दुपारपर्यंत कामाचं काही ठरवू नका, आणि परतीच्या रिक्षात खायला काहीतरी जवळ ठेवा.

आता पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही लिहून खोडलंत, पण खालून दिसतंय: “पोरीचं लग्न व्हायचंय.” सासूबाईंची भीती रक्ताची नाहीच, ही आहे. घराण्यात साखर आहे हे चारचौघांत कळलं तर स्थळं बिचकतील. याला मी हसणार नाही, लग्नाच्या बैठकीत काय काय विचारतात ते मीही ऐकलंय. पण अभ्यासात तुमच्या कागदांवर नावाऐवजी क्रमांक घालतात, आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. फोनवर पाठपुरावा करणारे घरी येणार का, कुठल्या वेळी, गाडीवर बोर्ड असतो का, हेही बिनधास्त विचारा. आणि लेकीला मात्र सांगा. आजीला मधुमेह होता, आईची गरोदरपणात साखर वाढली होती, हे तिला तिच्या पहिल्या बाळंतपणाआधी माहीत असायला हवं.

नाव देऊ नका असं मी कधी म्हणेन? माग विकून गोव्याला किंवा इचलकरंजीला जायचा विचार घरात चालू असेल तर. आधीच दुसऱ्या कुठल्या अभ्यासात असाल तर. फुकट तपासणीखेरीज दुसरं काही मनात नसेल तर. तिशीपुढच्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात आणि नम्म क्लिनिकमध्येही (कर्नाटक सरकारच्या शहरातल्या दवाखान्यांत) तपासतात, त्यासाठी तीन वर्षांचं बंधन नको. आणि त्या मुलीनं “यात आलात की मधुमेह होणारच नाही” असं म्हटलं असेल तर तिला परत विचारा. असं वचन देणाऱ्याच्या अभ्यासात मी जाणार नाही.

हे सगळं तपासून मनाला पटलं तर मात्र द्या नाव. मी दिलं असतं.

या आठवड्यात एक फोन करा: “मराठी फॉर्म आला की कळवा, मग येते.” जाताना सासूबाईंना घेऊन जा. शिबिरात त्यांनी बोट टोचून घेतलं नाही असं तुम्ही लिहिलंत, वय ६८, रात्री तीन-तीनदा लघवीला उठतात असंही लिहिलंत, बहुधा झोप मोडते म्हणून तक्रार करायला. ताई, त्यांची साखर तुमच्याआधी बघा.